सुलोचनाबाई फूल हुंगत नाहीत

जयपूरच्या आम्हा मराठी मंडळींत एक गोष्ट कानात सांगितली जायची. मालवीय नगरातल्या सुलोचनाबाई उकिडवे लग्नाआधी गुहागरला होत्या, तेव्हा कुणा तरण्या मास्तराने त्यांना सुरंगीचा गजरा दिला. त्यांनी तो हुंगला. पुढच्याच महिन्यात मास्तराची बदली झाली आणि तो गेला तो गेलाच. तेव्हापासून बाईंनी शपथ घेतली, की जन्मात पुन्हा फूल नाकाला लावायचं नाही.

कानात सांगितली जायची म्हणजे हिंगाच्या डबीसारखी. झाकण घट्ट, आणि वास घरभर. काही घरांत मास्तराऐवजी नौदलातला अधिकारी होता. एका घरी तो चक्क मेला होता, पण त्या घरी सगळ्याच गोष्टींत कुणीतरी मरतं. मी स्वतः या गोष्टीत काहीही भर घातलेली नाही. फक्त मास्तराला एक सायकल दिली. गुहागरच्या त्या चढावर तो पायी काही बरा दिसत नव्हता.

आता नुसत्या गोष्टीवर विश्वास ठेवायला आम्ही काय अडाणी आहोत? आमच्याकडे पुरावे होते. सुलोचनाबाईंच्या घरापुढे मोगरा, जाई, तगर, जास्वंद, सगळं काही. आणि त्या बाईला फूल हुंगताना कुणी म्हणून पाहिलेलं नाही. फूल खुडायचं, कपाळाला लावायचं, परडीत टाकायचं. विचारलं तर म्हणायच्या, "देवाचं फूल. देवाच्या आधी आपण वास घ्यायचा नसतो."

हे खरंच आहे. आपल्या सगळ्यांच्याच आयांनी आपल्या पाठीत धपाटा घालून हे शिकवलेलं आहे. पण देवाचं ते देवाचं. लग्नातल्या गुच्छाचं काय? सत्काराच्या हाराचं काय? आमच्या मंडळाच्या अध्यक्षा जयंतीबाई टेंबे, म्हणजे डॉक्टर टेंब्यांच्या मिसेस, यांनी एकदा स्वतःच्या गच्चीतला गुलाब मुद्दाम सुलोचनाबाईंच्या नाकापुढे धरला.

"वहिनी, हा देवाचा नाही हो. हा माझा आहे."

"फूल म्हटलं की देवाचंच," असं म्हणून सुलोचनाबाईंनी तो कपाळाला लावला आणि टेंब्यांच्याच देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. जयंतीबाईंनी त्या दिवशी दिलेल्या चहात साखर नव्हती. तेव्हापासून दोघींचं अगदी गोड चाललं होतं.

दुसरा पुरावा गजाननराव. सुलोचनाबाईंचे यजमान. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, बदलीवर जयपुरात आले आणि 'दोन वर्षांत परत जाऊ' म्हणत म्हणत इथेच म्हातारे झाले. आम्ही सगळेच तसे. पण गजाननरावांचं एक वेगळंच. बायको स्वयंपाकघरात असली की हे दारात उभे. बैठकीत पाहुणे बसलेत, गप्पा रंगल्यात, आणि यजमान स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून. मधूनच आत तोंड करून म्हणणार, "सुलू, दूध!" नाहीतर, "मसाला झाला गं, उतरव आता."

आमच्या बायका यावर काय बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं तेवढं सांगतो. "आमच्याकडे असा दारात उभा राहिला असता ना, तर लाटण्याने बाहेर काढला असता." आणि पुरुषांचं मत असं, की मास्तर सायकलवरून परत येईल अशी गजाननरावांना भीती असणार. मागच्या दाराने.

तर अशा या घरात गुहागरहून सोनचाफा आला. हातभर उंचीचं कलम. गजाननरावांनी ते रेल्वेत मांडीवर बसवून आणलं आणि सगळ्या डब्याला त्याची कुळकथा ऐकवली. आता जयपूर आणि सोनचाफा! इथलं पाणी असं खारट, की कपडे धुतले की उभे राहतात. मे महिन्यात लू सुटते तेव्हा कडुलिंबसुद्धा डोळे मिटून घेतो. पण सुलोचनाबाई हटून बसल्या. पावसाचं पाणी पिंपात साठवून ते फक्त चाफ्याला. दुपारी त्याच्याभोवती ओलं गोणपाट. गजाननरावांना कूलर मिळाला नव्हता तेव्हा चाफ्याला मिळाला होता, असं जयंतीबाई सांगतात. मी पाहिलेलं नाही, पण मला शक्य वाटतं.

कित्येक उन्हाळे नुसती पानं. आणि या मार्चमध्ये चाफ्याला कळ्या धरल्या.

नेमकं त्याच सुमाराला सीतापुऱ्याच्या त्या अवाढव्य सभागृहात फुलांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. छताखाली, एसीत. बाहेर ऊन आणि आत काश्मीर. ट्यूलिप, ऑर्किड, फुलांचा मोर, फुलांचा हत्ती. मंडळाने सहल काढायची ठरवली.

आमच्या मंडळाने सहल काढायची म्हणजे काय, ते तुम्हाला कळायला हवं. लोकांनी याहून कमी चर्चेत राज्यं स्थापन केली आहेत. बैठक टेंब्यांच्या घरी. पहिला प्रश्न, वार कोणता.

"संडेलाच ठेवूया ना," शर्वरी म्हणाली. ही आमच्यातली तरुण. इथेच जन्मली, इथेच कॉलेजात शिकवते, मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळते. "मतलब, सगळ्यांना सुट्टी असते."

"रविवारी सगळं जयपूर तिथे," जयंतीबाई म्हणाल्या. "फुलं दिसायची नाहीत, नुसत्या पाठी दिसतील."

"मग शनिवार."

"शनिवारी एकादशी."

"एकादशीला फुलं बघायला बंदी आहे का?" मी विचारलं.

"फुलांना नाही हो आबा, डब्याला आहे!"

मग डब्यावर चर्चा. साबुदाण्याची खिचडी की वरीचे तांदूळ. आत डबा नेऊ देतात की दारात काढून घेतात. काढून घेतला तर परत देतात का, आणि परत दिला तर त्यात काय उरलेलं असतं. वार्षिक सभेत हिशेबावर कुणी तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी दाण्याच्या कुटावर सगळे बोलले. मग एसी. एसीने कुणाचे गुडघे धरतात, कुणाचा कान दुखतो. मार्च महिन्यात जयपुरात शाली न्यायचा ठराव एकमताने पास करणारं आमचंच मंडळ.

एवढ्यात गजाननराव खाकरले. "आमच्या चाफ्याला एक सीट लागेल."



"कुणाला?" जयंतीबाई.

"चाफ्याला. आम्ही तो स्पर्धेत ठेवतोय. कुंड्यांच्या विभागात. आणि खिडकीची हवी. मधल्या सीटवर त्याच्या फांद्या मोडतील."

आमच्या सहलीच्या छोट्या बसमध्ये खिडकीच्या जागेवरून सख्ख्या जावांमध्ये अबोला धरला गेलेला आहे. ती जागा आता एका कुंडीला! पण सुलोचनाबाई एवढ्या आशेने सगळ्यांकडे बघत होत्या, की कुणाला नाही म्हणवेना. त्या एरवी कधी काही मागत नसत. शर्वरीने लिहून घेतलं, विंडो, चाफा.

आता जयंतीबाईंनी पान टाकलं. त्या हसल्या की मी नेहमी आपला पाय मागे घेतो.

"वहिनी, एक छोटीशी अडचण आहे हं. ज्या मंडळाची फुलझाडं स्पर्धेत आहेत, त्या मंडळाने एक परीक्षक द्यायचा, असा नियम आहे आयोजकांचा. आपल्या वाट्याला गुलाबाचा सुगंध-विभाग आलाय. माझे स्वतःचे गुलाब त्याच विभागात आहेत, म्हणून मी नाही बसू शकत. बाकी कुणी तयार आहे का?"

बाकी कुणी? एकीला सर्दी. एकीचं मत असं, की परीक्षक झालं की वैर पदरात पडतं. शर्वरीचा त्या दिवशी सकाळी कॉलेजात पेपर. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मी चाळीस वर्षं तपकीर ओढतो. माझं नाक म्हणजे जुन्या कचेरीतला पंखा, जागेवर आहे एवढंच.

"मग राहिल्या तुम्हीच," जयंतीबाई म्हणाल्या. "तुमचा चाफा दुसऱ्या विभागात, तेव्हा तुम्हाला चालतं. आणि परीक्षक नाही दिला, तर मंडळाचं काहीच आत घेणार नाहीत. माझे गुलाब राहू देत हो. पण तुमचा चाफा?"

बघा, काय बेत होता! बाई फूल हुंगणार तर शपथ मोडणार, सगळ्या गावादेखत. नाही हुंगणार तर चाफा दाराबाहेर. मला तर सायकलची घंटीसुद्धा ऐकू आली.

"ती नाही बसणार," गजाननराव म्हणाले. जरा जास्तच जोरात.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर, मास्तर, असं प्रत्येकाच्या डोळ्यांत लिहिलेलं.

"बसते मी," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"सुलू, अगं..."

"बसते म्हटलं ना! एवढे उन्हाळे त्याला जगवला, तो काय गोणपाटात बघायला? मला तो तिथे दिव्याखाली ठेवलेला बघायचाय. नाहीतर मला हत्ती नको नि मोर नको. मी घरी बसेन."

पुढचे दिवस नवरा-बायकोत काय खलबतं चालली होती, ते आम्हाला बाहेरून दिसत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं. यासारखा छळ नाही. मी दोनदा साखर मागायला गेलो. दोन्ही वेळा साखर मिळाली आणि दार लागलं.

एकादशी उजाडली. चाफा बसमध्ये चढला तो नव्या नवरीसारखा. पट्टा बांधलेला, पाठीशी उशी, वर सुलोचनाबाईंची साडी. दोन फुलं पूर्ण उमललेली आणि एक उमलायच्या बेतात. साडी बाजूला केली आणि सगळी बस एकदम गप्प झाली. कोकणातल्या लोकांना कोकण आठवलं, नागपूरच्या लोकांना, कोकण नसून, आठवलं. जयंतीबाईसुद्धा दोन मिनिटं कुणाबद्दल काही बोलल्या नाहीत. त्या दोन मिनिटांत सुलोचनाबाई झाडाकडे बघतच नव्हत्या. आमच्या तोंडांकडे बघत होत्या. एकेकाच्या, टक लावून. मला तेव्हा वाटलं, म्हातारीला कौतुक हवंय, दुसरं काय.

सभागृहात थंडी अशी, की आमच्या शालींना पहिल्यांदाच प्रतिष्ठा मिळाली. कुंडी आत नेली. तिथल्या स्वयंसेवकाने झाडाची उंची पाहिली, मान हलवली आणि आमचा चाफा बोन्सायच्या टेबलावर ठेवला. गजाननराव भांडायला निघाले, पण तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून परीक्षकांना बोलावलं. सुगंध-विभागापुढे दोरी बांधलेली. दोरीपाशी गजाननराव बायकोबरोबर आत शिरायला लागले, तर त्यांना अडवलं.

"परीक्षकांचे नातेवाईक बाहेर, अंकल."

"अहो, मी नुसता शेजारी उभा राहतो."

"नियम आहे."

एसीत त्या माणसाच्या कपाळावर घाम! त्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरली होती. जणू पलीकडे बायको नाही, जहाज चाललंय. आम्ही सगळे त्यांच्या शेजारी. जयंतीबाई सगळ्यांत पुढे, मोबाइल उघडून तयार. शपथ मोडतानाचा फोटो नको?

आत दुसरे परीक्षक होते. रणजितसिंहजी म्हणून वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मिशा अशा, की गुलाबालाच त्यांचा वास यावा. त्यांनी मोठ्या शास्त्रोक्त पद्धतीने सुरुवात केली. एकेका फुलावर नाक रोवायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची. फुलांपुढे नुसते क्रमांक. कुणाचं कुठलं, ते कळायची सोय नाही.

सुलोचनाबाई पहिल्या फुलापुढे उभ्या राहिल्या. हात जोडले. मग वळून म्हणाल्या, "प्रोफेसरसाहेब, मी फूल हुंगत नाही. देवाचं असतं. पण माणसं हुंगतात ती मी बघते. चालेल?"

प्रोफेसर गडबडले. नियमावलीत हुंगलंच पाहिजे असं कुठे नव्हतं. कुणाच्या बापाला सुचणार ते लिहायचं?

मग सुलोचनाबाईंनी दोरीबाहेरच्या प्रेक्षकांना एकेक करून आत बोलवायला सुरुवात केली. एक सुरक्षारक्षक, एक कडेवर पोर घेतलेली बाई, सांगानेरहून आलेले दोन छपाईवाले, एक कॉलेजची मुलगी. आणि शेवटी, "आबा, तुम्ही या."

"मी? अहो वहिनी, माझं नाक..."

"म्हणूनच या."

मी गेलो. प्रत्येक फुलापाशी वाकायचं आणि पुढे सरकायचं. बाई समोर उभ्या, माझ्या तोंडाकडे डोळे लावून. बायकोनेसुद्धा माझं तोंड इतकं निरखून कधी पाहिलेलं नाही, नाहीतर लग्न झालं नसतं. अकरा नंबरच्या गुलाबाला मी 'वा!' म्हणालो. सगळेच 'वा!' म्हणत होते, मोठ्याने आणि लगेच, लग्नात अहेर घेताना म्हणतात तसं. चार नंबरला, एक साधा, जरा कडेला काळवंडलेला लाल गुलाब होता, तिथे मी काहीच म्हणालो नाही. पुढे गेलो. आणि कसं कोण जाणे, परत आलो आणि पुन्हा वाकलो.

"झालं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "चार."

तोवर प्रोफेसरांची अवस्था बिकट झाली होती. एवढे गुलाब एकामागून एक हुंगून त्यांना आता फुलं सगळी सारखी आणि मिशीला लावलेलं तेलसुद्धा गुलाबाचं वाटायला लागलं होतं. "बहनजी, मेरी नाक तो जवाब दे गई," ते म्हणाले. "आपने कैसे तय किया?"

"जहाँ आदमी वा बोलता है, वहाँ अच्छा है," सुलोचनाबाई आपल्या गुहागरी हिंदीत म्हणाल्या. "जहाँ चुप होता है और फिर से झुकता है, वहाँ पहला नंबर."

प्रोफेसरांनी पुन्हा चार नंबरला नाक लावलं, बराच वेळ ठेवलं, आणि सही केली.

चार नंबर रेल्वे कॉलनीतल्या कुणाचा तरी निघाला. अकरा नंबर जयंतीबाईंचा. अकराला काहीच मिळालं नाही. परत येताना कुणीतरी हळूच म्हणालं, की अकरा नंबरला जौहरी बाजारातल्या अत्तराचा हात लागला होता. कोण म्हणालं ते मी सांगणार नाही. मी सीट नंबर तीनवर होतो, एवढंच सांगतो.

आणि चाफा? चाफ्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. बोन्सायमध्ये. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, 'कठोर छाटणीचा उत्तम नमुना.' गजाननराव ते वाचून लाल झाले, पण सुलोचनाबाई दिव्याखालच्या आपल्या झाडापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. येणारा-जाणारा थांबत होता, वाकत होता, पुढे जात होता आणि परत येत होता. किती जण परत येतात ते त्या बघत होत्या. मोर आणि हत्ती पाहायचे राहूनच गेले. साबुदाण्याची खिचडी दारात काढून घेतली होती, ती परत मिळाली. कुणीही खाल्लेली नव्हती. याचं मात्र आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं.

घरी परतल्यावर कुंडी उतरवायला मी मदत केली. सुलोचनाबाईंनी उमललेलं एक फूल खुडलं. मला वाटलं, आता कपाळाला लावणार. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"आबा, तुम्ही खोटं फार बोलता, म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही चुकून खरं बोललात की मला कळतं. कसा आहे हो वास?"

मी हुंगलं. तपकिरीने जाळलेल्या नाकातसुद्धा तो शिरला. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि बंद केलं. मग पुन्हा हुंगलं.

"बास," त्या म्हणाल्या, आणि हसत हसत आत गेल्या. आत दूध तापत होतं. गजाननराव त्यांच्या मागोमाग गेले आणि चौकटीला टेकून उभे राहिले.

मी फूल हातात धरून तिथेच थांबलो. मग त्यांना विचारलं, सरळच. "गजाननराव, हा मास्तर कोण?"

"कसला मास्तर?" ते म्हणाले, आणि आत तोंड करून, "सुलू, दूध लागतंय बघ खाली." मग माझ्याकडे वळले.

मास्तर कुणी नव्हता. गजरा नव्हता, शपथही नव्हती. सुलोचनाबाईंना वास येत नाही. जन्मापासूनच येत नाही.